क्रँकची पुली लहान केली की गाडी पळते का?

सोयाबीन निघायच्या दिवसांत आमच्याकडच्या थ्रेशरवाल्याला पुलीचं गणित कुणी शिकवावं लागत नाही. ड्रम जास्त फिरला की दाणा फुटून डाळ होते, कमी फिरला की शेंगा तशाच भुसात जातात. म्हणून गव्हावरून सोयाबीनवर येताना तो पुली बदलतो, निघालेला दाणा मुठीत घेऊन बघतो आणि मगच ट्रॉली लावायला सांगतो. फिरवणारी पुली लहान केली की फिरणारी हळू होते. हे एक वाक्य ज्याला उमगलं, त्याचं निम्मं काम इथेच झालं.

हीच करामत मोटारीच्या इंजिनावर करायची हौस आता तालुक्याच्या गावांपर्यंत आली आहे. क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, कंपनीच्या पुलीच्या जागी बसवायच्या या लहान पुलीला म्हणतात अंडरड्राइव्ह पुली. निळी किंवा लाल, चकचकीत ॲल्युमिनियमची, खोक्यात बसून घरपोच येते. माझं गॅरेज यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा रोडला. महिन्या-दोन महिन्यांत एखादा पोरगा येतोच.

"काका, पुली बदलली का पिकअप वाढते म्हणते."

"कोन म्हणते?"

"मोबाईलवर पाह्यलं ना."

"अन् एसी काय म्हणते, थे नाई सांगतलं त्यानं?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोज वापरायच्या गाडीला, त्यातही विदर्भात चालणाऱ्या गाडीला, ही पुली बसवू नये. पण नुसतं 'बसवू नको' म्हटलं की पोरं दुसऱ्या गॅरेजात जातात. त्यापेक्षा एक रविवार सकाळ काढा, मेझरिंग टेप, सुतळी आणि दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या आणि आपल्याच गाडीवर खालच्या तपासण्या करा. पुली घ्यायची की नाही, ते गाडीच सांगेल.

आधी बोनेट उघडा

इंजिन बंद, चावी खिशात. चावी खिशात हे मुद्दाम लिहिलं, कारण पट्ट्यात बोटं घातलेली असताना कुणीतरी गाणी लावायला चावी फिरवतो.

इंजिनाच्या एका बाजूला खाली जी सर्वांत मोठी पुली दिसते ती क्रँकची. इंजिनाच्या दांड्यालाच ती बसवलेली असते आणि इंजिन जितक्या फेऱ्या मारतं तितक्याच ती मारते. तिच्यावरून एक रुंद, उभ्या रेघांचा पट्टा निघतो आणि बाकीच्यांना फिरवतो. आता एका कागदावर लिहून काढा: त्या पट्ट्यावर नेमकं कोण कोण आहे?

अल्टरनेटर असणारच. आमच्याकडचे जुने लोक त्याला अजून डायनामो म्हणतात. एसीचा कॉम्प्रेसर बहुधा असतो. वॉटर पंप मात्र नीट बघा, कारण काही इंजिनांत तो याच पट्ट्यावर असतो आणि काहींत आतल्या टायमिंग बेल्टवर. टायमिंग बेल्टवर असेल तर बाहेरची पुली बदलून त्याला काहीच फरक पडणार नाही. उरला पॉवर स्टिअरिंगचा पंप. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक लहान गाड्यांत स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं, तेव्हा तिथे पंपच नसतो.

म्हणजे ज्या पट्ट्यावरचा भार हलका करायला तुम्ही निघालात, त्यावर आजच्या हॅचबॅकमध्ये दोन किंवा तीनच गडी आहेत. हा बदल लोकप्रिय झाला तो अमेरिकेत, ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या ५ लिटरच्या व्ही-८ मस्टँगसारख्या गाड्यांवर. त्यांच्या पट्ट्यांवर हायड्रॉलिक स्टिअरिंगचा पंप, भला मोठा वॉटर पंप, एसी, शिवाय धूर कमी करण्यासाठी हवा ढकलणारा वेगळा पंप असा सगळा गोतावळा असे. शिवाय रेसवाले इंजिन मिनिटाला ७-८ हजार फेऱ्यांवर नेत. तेवढ्या वेगाला अल्टरनेटरची गुंडाळी उसवायची भीती असते, पंपाच्या पात्यांपाशी पाण्याचे बुडबुडे होऊन पंप पाणी ओढेनासा होतो, पट्टा उडून जातो. त्यांना हे सगळं हळू फिरवणं भाग होतं. आपली गाडी घाटंजी ते यवतमाळ जाताना अडीच हजारांच्या वर क्वचितच जाते. औषध खरं आहे, पण आपल्याला तो आजारच नाही.

रबर आहे का ते बघा

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच, आणि विकणारा नेमकी हीच सांगत नाही.

टॉर्च लावून क्रँक पुलीकडे समोरून बघा. मधला भाग आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये काळ्या रबराची गोल पट्टी दिसते का? दिसत असेल तर ती नुसती पुली नाही, डॅम्पर आहे. इंजिनात प्रत्येक सिलिंडर पेटतो तेव्हा क्रँकच्या दांड्याला पीळ बसतो आणि लगेच सुटतो. पीळ डोळ्याला दिसणार नाही एवढा बारीक, पण मिनिटाला हजारो वेळा. काही ठरावीक फेऱ्यांवर हा पीळ स्वतःच स्वतःला वाढवत नेतो. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो उंच जातो, तसंच. रबरावर तरंगणारं जड कडं त्या वेळी थोडं मागे रेंगाळतं आणि तो पीळ खाऊन टाकतं. कड्याचं वजन किती आणि रबर किती कडक, हे त्या इंजिनासाठी मोजून ठरवलेलं असतं.

खोक्यातून आलेली ॲल्युमिनियमची पुली अखंड असते. तिच्यात रबर नाही, जड कडंही नाही. ती बसवली की गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, आणि तीच फसगत आहे. पीळ दांड्यातच राहतो, बेरिंगवर जातो, क्रँकवरून थेट फिरणाऱ्या ऑइल पंपाच्या गिअरवर जातो. डिझेल इंजिनात स्फोटाचा धक्का जास्त जोराचा, म्हणून तिथे धोकाही जास्त. डिझेल गाडीवाल्यांनी या परिच्छेदाच्या पुढे वाचायची गरज नाही. नाही म्हणजे नाही.

तीन सिलिंडरच्या गाड्यांत आणखी एक मेख असते. फोर्डचं १.० लिटरचं इकोबूस्ट इंजिन आपल्याकडे इकोस्पोर्टमध्ये आलं होतं. त्यात वेगळा बॅलन्स शाफ्ट नाही. थरथर कमी व्हावी म्हणून फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम असमतोल बनवलेली आहे. अशा ठिकाणी कुणी 'परफेक्ट बॅलन्स' केलेली पुली बसवली तर इंजिन उलट जास्त थरथरेल. काही इंजिनांत तर क्रँक सेन्सर वाचतो ते दातेही याच पुलीवर असतात. ते गेले की गाडी चालूच होणार नाही.

मारुतीच्या एसएचव्हीएस, म्हणजे सौम्य हायब्रिड गाड्यांत, २०१५ च्या सियाझपासून, अल्टरनेटरच्या जागी स्टार्टरचंही काम करणारी मोटर असते आणि ती त्याच पट्ट्याने इंजिनाला जोर देते. तिथे पुलीचा आकार कॉम्प्युटरच्या हिशेबात धरलेला आहे. हात लावू नका.

आणि जुन्या डिझेल गाडीचा मालक एवढं सांगूनही वाचत राहिलाच असेल, तर त्याने अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला एक रबरी नळी जाते का ते बघावं. कित्येक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला व्हॅक्यूम देणारा पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला असतो. अल्टरनेटर हळू म्हणजे व्हॅक्यूमही हळू. पिकअपच्या नादात ब्रेक जड करून घ्यायचा, असा तो सौदा.

आता मापं

क्रँक पुलीभोवती सुतळी गुंडाळा, सुतळी मोजा, ३.१४ ने भागा. व्यास मिळाला. अल्टरनेटरच्या पुलीचाही तसाच काढा. सुतळी जात नसेल तर टेपने अंदाज घ्या, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे चालतील.

समजा क्रँकची १५० मिलिमीटर आणि अल्टरनेटरची ५५. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, इंजिन ८०० फेऱ्यांवर असेल तर अल्टरनेटर ८०० गुणिले १५० भागिले ५५, म्हणजे सुमारे २१८० फेऱ्या मारतो. अंडरड्राइव्ह पुल्या साधारण १५ ते २५ टक्के लहान असतात. १५० ऐवजी १२५ ची बसवली तर तोच अल्टरनेटर १८१८ वर येतो.

फरक फार वाटत नाही ना? पण अल्टरनेटरच्या प्लेटवर लिहिलेले अँपिअर असतात त्याच्या ६००० फेऱ्यांवरचे. दोन हजारांच्या आसपास तो त्यातला काही भागच देतो, आणि तिथून खाली उत्पादन झपाट्याने पडतं. हजार-दीड हजाराखाली तर तो जवळपास काहीच देत नाही. म्हणजे आयडलिंगचा अल्टरनेटर उताराच्या कडेलाच उभा असतो, आणि लहान पुली त्याला मागून ढकलते.

मल्टिमीटर लावा

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल तार बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी.

गाडी चालू करा. १३.८ ते १४.४ आलं तर अल्टरनेटर ठीक आहे. काही नव्या गाड्या पेट्रोल वाचवायला मुद्दाम व्होल्टेज कमी ठेवतात, तिथे घाबरू नका. आता आयडलिंगवरच हेडलाइट लावा, एसीचा ब्लोअर पूर्ण करा, मागच्या काचेचा डिफॉगर असेल तर तोही, आणि रेडिएटरचा फॅन सुरू होईपर्यंत थांबा. मीटरकडे बघत राहा.

१३.५ च्या वर टिकलं तर तुमच्याकडे थोडी शिल्लक आहे. १३ च्या खाली गेलं तर कंपनीच्या पुलीवरच अल्टरनेटर जेमतेम पुरतो आहे. १२.७ च्या खाली म्हणजे बॅटरीतून उसनं चाललं आहे. अशा गाडीला पुली लहान करणं म्हणजे आधीच कमी दाबाने येणाऱ्या नळाला आणखी एक चावी बसवण्यासारखं आहे.

गंमत अशी की पुलीची चौकशी करणाऱ्या दहातल्या सात-आठ पोरांच्या गाडीत आधीच १००/९० वॉटचे बल्ब, डिकीत ॲम्प्लिफायर आणि सीटखाली निळे लाइट असतात. विजेचा खर्च वाढवायचा आणि जनरेटर हळू करायचा. उलटी गोष्ट मात्र कामाची असते. जिथे गाडी तासन्‌तास उभी राहून वीज लागते, तिथे अल्टरनेटरची पुली लहान करून त्याला जोरात फिरवतात.

ताकद किती वाचते, त्याचा हिशेब

विकणारे सांगतात की अल्टरनेटर हळू फिरला की इंजिनाचं ओझं कमी होतं. हे मोठ्या प्रमाणावर खोटं आहे. अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर असतो. गाडीला ४० अँपिअर लागत असतील तर तो हळू फिरूनही ४० द्यायला बघतो, त्यासाठी आतला चुंबक जास्त जोरदार करतो. ४० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे ५६० वॉट. अल्टरनेटरमध्ये बरीचशी ताकद उष्णतेत जाते, ती धरून इंजिनाकडून साधारण १००० वॉट, म्हणजे सव्वा-दीड हॉर्सपॉवर घेतली जाते. पुली लहान असो की मोठी, वीज तेवढीच लागणार. चक्की हळू फिरवली म्हणून पायलीभर ज्वारी कमी दळावी लागत नाही.

वॉटर पंपात मात्र खरोखर बचत आहे. पंपाला लागणारी ताकद वेगाच्या घनाने बदलते. वेग २० टक्के कमी केला तर ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.५१. ताकद निम्मी. ऐकायला केवढं भारी वाटतं! पण निम्मी कशाची? लहान गाडीचा पंप ६००० फेऱ्यांवर एक हॉर्सपॉवर, म्हणजे ७४६ वॉट खातो असं धरू. तोच घनाचा नियम उलटा लावा. २५०० फेऱ्यांवर तो खातो जेमतेम ५४ वॉट. त्यातले निम्मे वाचले, २७ वॉट. गाडीच्या मागच्या इंडिकेटरचा एक बल्ब २१ वॉटचा असतो. ८० च्या वेगाने सपाट रस्त्यावर जाणाऱ्या लहान गाडीला आठेक हजार वॉट लागतात. ॲव्हरेज वाढेल म्हणणाऱ्याला हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून दाखवा.

एसीचं सगळ्यात सोपं. कॉम्प्रेसर हळू फिरला की ताकद कमी खातो, कारण गारवाही कमी देतो. आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर कॉम्प्रेसर काही सेकंद स्वतःच सोडवतो. जी ताकद तुम्ही पुलीतून काढायला निघालात, ती ओव्हरटेकच्या वेळी गाडी आधीच तुम्हाला देऊन बसलेली असते.

राहिलं पुलीचं हलकं वजन. 'इंजिन मोकळं फिरतं' हे वाक्य त्यावरच उभं आहे. फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व तिच्या त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, आणि क्रँक पुलीची त्रिज्या सहा-सात सेंटिमीटर. सव्वा किलो वजन घटवलं तर पहिल्या गिअरमध्ये गाडीतून सात-आठ किलो उतरवल्याएवढा फायदा होतो, असा माझा हिशेब निघतो. चौथ्या गिअरमध्ये तो एका किलोपेक्षाही कमी. डिकीतला पाण्याचा दहा लिटरचा कॅन उतरवा, काम झालं.

फुकटची पुली

तरीही मन मानत नसेल तर हा प्रयोग करा. रिकामा, सरळ, सपाट रस्ता, पहाटेची वेळ. शेजारी एक माणूस मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन बसवा. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० ला किती सेकंद लागतात, ते एसी चालू ठेवून तीनदा मोजा आणि मग एसी बंद करून तीनदा. एसी बंद केल्यावर जो फरक येतो, तो कुठल्याही अंडरड्राइव्ह पुलीच्या फायद्यापेक्षा मोठा असतो, कारण पुली कॉम्प्रेसर थोडा हळू करते आणि तुम्ही तो पूर्ण सोडवला. या पुलीला पैसे लागत नाहीत, आणि डॅशबोर्डवर तिचं बटण कंपनीने आधीच दिलेलं आहे.

माझ्या भाच्याने हे सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी पुली, मग प्रयोग. दिवाळीत सात हजारांची पुली मागवली, मला न विचारता दुसरीकडून बसवून घेतली आणि मग दाखवायला आला. पेट्रोल हॅचबॅक, गाडी चांगली. "मामा, पाय ठेवला का निघते आता," म्हणे. मी त्याच्या शेजारी बसून वेळ मोजली, मग दोन दिवसांनी जुनी पुली चढवून पुन्हा मोजली. तीनदा मोजलं की तीन वेगळे आकडे यायचे, आणि नव्या-जुन्यातला फरक माझ्या अंगठ्याच्या चुकीतच बुडून जायचा. त्याला अर्थातच पटलं नाही. पुली परत चढली.

थंडीचे महिने छान गेले. एप्रिलमध्ये हरभरा विकायला बाजार समितीत रांग लागली होती. ट्रॉली पुढे, हा मागे गाडीत एसी लावून, इंजिन चालू. दुपारची दोनची वेळ. तासाभरात एसीतून कोमट वारा यायला लागला. मग बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायला लागला. मग पट्टा असा ओरडला की पुढच्या ट्रॉलीचे बैल नसतानाही लोक मागे वळून बैल शोधायला लागले. त्याच आठवड्यात एका लग्नाहून रात्री येताना, फाटकाशी गाडी उभी राहिली की हेडलाइट पिवळे पडायचे, रेस दिली की पांढरे. दोन वर्षांची बॅटरी मे महिन्यात मेली. पुलीचे सात हजार, वर बॅटरी. एक शहाणपण मात्र त्याने केलं होतं. जुनी पुली फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवली होती.

दुपारी तीनची परीक्षा

चंद्रपूर-ब्रम्हपुरीकडे मे महिन्यात पारा ४५-४६ च्या पुढे जातो, आमच्याकडे त्याहून फार कमी नसतो. गाड्या बनवणारे पंपाचा आणि पुलीचा आकार ठरवतात तो अशाच दिवशी, एसी लावून, गाडी जागेवर उभी असताना इंजिन तापू नये म्हणून. कंपनीची पुली मोठी आहे ती उगाच नाही.

२०१३ नंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरशी जोडायचं, सॉकेट असतं. त्यात लावायचा ब्लूटूथचा छोटा डबा मिळतो, तो मोबाईलवर कूलंटचं तापमान अंशांत दाखवतो. गाडीच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांचा काटा मोठ्या पट्ट्यात मधेच गोठवून ठेवलेला असतो, आणि काहींत तर काटाच नाही, नुसता निळा-लाल दिवा. कडक उन्हात, एसी पूर्ण लावून, पंधरा मिनिटं आयडलिंगवर तापमान बघा. फॅन चालू झाला की ते उतरतं, बंद झाला की चढतं, असं झुलत राहिलं तर ठीक. फॅन थांबतच नाही आणि आकडा हळूहळू वर सरकतो आहे, असं दिसलं तर गाडीकडे थंड करायची शिल्लक ताकद उरलेली नाही.

लहान पुली इथे दोन बाजूंनी मारते. पंपाचं पाणी कमी होतं, ते पंपाच्या वेगाच्याच प्रमाणात. आणि रेडिएटरचा फॅन चालतो अल्टरनेटरच्या विजेवर, व्होल्टेज पडलं की तोही मंदावतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना वारा कमी आणि जोर जास्त असतो. त्या वेळी पंपाकडूनच सगळी अपेक्षा असते.

आणखी एक, कारण रोज बघतो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरलेल्या गाडीला हा प्रयोग करायचा विचारही नको. कूलंट पाण्यापेक्षा उशिरा उकळतं आणि आत गंज-क्षार धरू देत नाही. बोअरच्या पाण्याने आतल्या बारीक नळ्या मुतखड्यासारख्या भरतात. इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, गेली की सात हजार हा आकडा फार गोड वाटायला लागतो.

एवढं करूनही बसवायचीच असेल

कोइंबतूर किंवा ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर पळवायची, एसी काढून टाकलेली, फेऱ्या सतत वर असणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथेही रबरी डॅम्पर असलेलीच अंडरड्राइव्ह पुली शोधा. अखंड ॲल्युमिनियम नको. किंवा क्रँकला हात न लावता फक्त पंपाची पुली थोडी मोठी करा, म्हणजे डॅम्पर जागेवर राहतो.

पट्टा बदलावा लागेल. त्याच्या पाठीवर ६पीके१०२५ असं काही छापलेलं असतं. ६ म्हणजे सहा रेघा, पीके हा त्यांचा आकार, १०२५ ही मिलिमीटरमधली लांबी. क्रँक पुलीला पट्टा साधारण अर्धा वेढा घालतो, तेव्हा व्यास २५ मिलिमीटरने घटला तर लांबी सुमारे ३९ मिलिमीटर कमी हवी. १०२५ च्या जागी ९८५ च्या आसपासचा. जुनाच पट्टा टेन्शनरवर ताणून चालवला तर तो पावसात आणि एसी लागताक्षणी घसरतो. लहान पुलीवर पट्ट्याची पकड मुळातच कमी.

क्रँकचा मधला बोल्ट फार घट्ट असतो. तो सोडवायला गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून, पान्याला पाइप लावायची आमच्याकडे पद्धत आहे. तसं करू नका, पुली धरायचं वेगळं अवजार मिळतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की काही इंजिनांत पुली आणि टायमिंगचा गिअर यांना खाचेत बसणारी चावी नसते, नुसत्या बोल्टच्या दाबावर सगळं धरलेलं असतं. तिथे बोल्ट सैल झाला की टायमिंग सरकलं, आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भेटले. म्हणून हे काम सर्व्हिस मॅन्युअल बघणाऱ्या, टॉर्क पाना असणाऱ्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. "अंदाजे टाइट करून देतो भाऊ" म्हणणाऱ्याकडे नको.

पुलीचा उल्लेख आरसी बुकात नसतो, त्यामुळे नाक्यावर कुणी अडवणार नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर मात्र पुढच्या बाजूचं कुठलंही काम निघालं की बोट त्या निळ्या पुलीकडेच जाणार.

तेवढ्या पैशांत

टायरची हवा दर पंधरा दिवसांनी, थंड असताना. आमच्या पांदणींतून फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकात लिहिल्याच्या निम्म्या किलोमीटरला बघायचा. स्पार्क प्लग. कूलंट. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा भुसा. ब्रेक कुठे घासत राहतो का, ते चाक उचलून हाताने फिरवून.

आणि जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी रेडिएटर. रुईचे तंतू आणि गवताचं बी एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत गादीसारखं बसतं, समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही. फॅनच्या बाजूने, म्हणजे आतून बाहेर, बेताच्या दाबाने पाणी मारायचं. प्रेशर वॉशरचं तोंड जवळ नेलं तर पत्र्याच्या पात्या आडव्या होतात. गेल्या मार्चमध्ये एका गाडीतून उशीभर रुई निघाली. एसी गार झाला, फॅन कमी वेळा लागायला लागला, आणि मालक म्हणाला, गाडी हलकी झाली.

कुणी आधीच पुली बसवून घेतली असेल आणि आता जुनी परत चढवत असेल, तर तिचं रबर आधी तपासा. बोटाने दाबून चिरा दिसल्या, किंवा बाहेरचं कडं आतल्या भागापासून किंचित सरकलेलं दिसलं, तर ती चढवू नका, कंपनीची नवी घ्या. पट्टाही मूळ लांबीचा नवा घाला. सगळं लागल्यावर इंजिन चालू करून पट्ट्याकडे बाजूने बघा, तो डोलायला नको. दोनशे किलोमीटर झाले की पुन्हा बोनेट उघडा आणि पट्ट्याच्या कडेवरून नजर फिरवा. धागे सुटलेले दिसले तर कुठलीतरी पुली रेषेत बसलेली नाही, गाडी तशीच मिस्त्रीकडे न्या.